घरशाळेसाठी नेटवरून काय घ्यावं आणि ते कसं पारखावं

थोरलीला शाळेतून काढलं तेव्हा ती तिसरीत होती. त्या जूनमध्ये मी रोज रात्री मोबाइल घेऊन बसायचे आणि दिसेल तो दुवा साठवून ठेवायचे. महिन्याभरात दीडशेच्या वर दुवे झाले. मुलगी मात्र सकाळी वही-पेन्सिल घेऊन समोर बसायची आणि विचारायची, "आई, आज काय करायचं?" दीडशे दुव्यांत त्या प्रश्नाचं उत्तर सापडत नव्हतं.

आज त्याला सहा वर्षं झाली. धाकटा नऊ वर्षांचा आहे, तो शाळेत गेलेलाच नाही. आमच्या घरी आता नेटवरची जेमतेम दहा-बारा ठिकाणं नेमाने उघडली जातात आणि तेवढी भरपूर होतात. ती कशी निवडली, कोणत्या क्रमाने निवडावी आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी घरांसाठी नीट लिहून काढते आहे. क्रम मुद्दाम सांगते, कारण आमचा चुकला होता. आम्ही आधी गमतीचे व्हिडिओ शोधले आणि परीक्षेचं नंतर पाहिलं. तुम्ही उलट करा.

पहिली पायरी: कायदा आणि परत जायची वाट

घरात हा विषय निघाला की आजी-आजोबा पहिल्यांदा विचारतात, "हे कायद्यात बसतं का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कुणाच्या तरी भाषणातून घेण्यापेक्षा मूळ कायद्यातून घ्यावं. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे कायदे मोफत वाचता येतात. तिथे शिक्षण हक्क कायदा, 2009 काढा. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे.

त्यातली दोन कलमं सावकाश वाचा. कलम 10 म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पालकाने ते केलं नाही तर अमुक शिक्षा, अशी तरतूद मात्र या कायद्यात नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही, ना परवानगी म्हणून, ना बंदी म्हणून. म्हणजे आपण एका मोकळ्या सोडलेल्या जागेत उभे आहोत, हे समजून उमजून पाऊल टाकायचं. दुसरं कलम 4. सहा वर्षांवरचं मूल शाळेत दाखल झालेलं नसेल किंवा मधूनच शिक्षण सुटलं असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. मला या कलमाने फार धीर दिला. घरशाळा जमली नाही तर परत जायला वाट आहे, हे कळल्यावर घरातला ताण निम्मा झाला. सासूबाईंना मी ते कलम मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग वर्षभर करून तर बघा."

दुसरी पायरी: दहावीचा रस्ता आधी पाहून ठेवा

मूल सहा वर्षांचं असलं तरी हे आधी करा. दहावी कुठून द्यायची हे ढोबळ ठरलं, की मधल्या वर्षांत काय सोडलं तरी चालेल आणि काय सोडता येणार नाही, हे आपोआप स्पष्ट होतं.

आपल्याकडे मुख्य वाटा तीन. पहिली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे म्हणतात ती एनआयओएस. ही संस्था 1989 साली स्थापन झाली. त्याआधी 1979 पासून सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून हे काम चालत होतं. हिची दहावी द्यायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि मराठी माध्यमही आहे. घरशाळेच्या मुलांना हिची सर्वांत मोठी सोय अशी की नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. एका बैठकीत दोन विषय, सहा महिन्यांनी आणखी दोन, असं सावकाश करता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. धडे संकेतस्थळावर मोफत आहेत. ते आजच उतरवून घ्या आणि एका विषयाचं एक प्रकरण वाचून पाहा. मुलाला झेपेल का, यापेक्षा आपल्याला शिकवायला झेपेल का, हे तेव्हा कळतं. लहान मुलांसाठी हिचाच मुक्त मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे. त्यातले अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात.

दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा टप्प्यांवर तिथे परीक्षा देता येते. तिसरी वाट आपल्या नेहमीच्या राज्य मंडळाची, 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायची. गावाकडे ही वाट सगळ्यांना माहीत असते. कुणाचा तरी मामा 17 नंबरने दहावी झालेला असतोच. केंब्रिजच्या परीक्षाही खासगीरीत्या देता येतात, पण त्यांची फी मध्यमवर्गीय घराला जड जाते, म्हणून मी त्यात शिरत नाही.

तारखांबद्दल एकच सांगणं. नोंदणीची मुदत, फी, विषयांची यादी हे त्या त्या संस्थेच्या अधिकृत पानावरच पाहायचं आणि चालू वर्षाचं माहितीपत्रक उतरवून घ्यायचं. गेल्या वर्षी एका ग्रुपवर "मुदत वाढली आहे" असा निरोप फिरत आला. मी तो खरा धरला आणि थोरलीच्या नोंदणीला विलंब शुल्क भरावं लागलं. पैशांपेक्षा ते चार दिवस तिच्या जिवाला जी धाकधूक लागली, तिचं मला जास्त वाईट वाटलं. आता दर महिन्याच्या 1 तारखेला मी स्वतः संकेतस्थळ उघडते. दुसरं म्हणजे, नेटवर शोधलं की सर्वांत वर बऱ्याचदा दलालांच्या जाहिराती येतात. नाव सरकारी वाटतं, रंगही तसेच असतात. पत्त्याचा शेवट पाहायची सवय लावा. एनआयओएसचा पत्ता 'डॉट एसी डॉट इन' असा संपतो. आधी फोन नंबर मागणारं पान तिथेच बंद करायचं.

तिसरी पायरी: एक कणा ठरवा

कणा म्हणजे अशी एक मालिका, जी रोजच्या कामाला क्रम देईल. बाकी सगळं तिच्याभोवती. मराठी घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: बालभारतीची पुस्तकं. पाठ्यपुस्तक मंडळ 1967 पासून हे काम करतं आहे आणि पहिलीपासून बारावीपर्यंतची पुस्तकं ईबालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. आपण आणि आपल्या आईवडिलांनी ज्या पुस्तकांतून कविता पाठ केल्या, त्यांचीच ही पुढची पिढी. घरात बाकी कुणाला काही समजलं नाही तरी बालभारती हातात घेऊन आजोबा शिकवायला बसू शकतात. ही सोय दुसऱ्या कुठल्या मालिकेत नाही.

उतरवताना मुखपृष्ठामागचं पान उघडून आवृत्तीचं वर्ष पाहा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एकेका इयत्तेची पुस्तकं बदलत चालली आहेत आणि जुन्या पीडीएफ इतर पानांवर तशाच पडून आहेत. जुनं पुस्तक वाचायला चांगलं असलं तरी परीक्षेला चालू आवृत्तीच लागते. सबंध पुस्तक पडद्यावर वाचायला लावू नका. गणित आणि भाषेची पुस्तकं दुकानातून विकत आणा, त्यांची किंमत खरोखर कमी असते. पीडीएफ परिसर अभ्यासासारख्या विषयांना आणि पुढच्या इयत्तेत डोकावून पाहायला ठेवा.

याच पुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोड असतो. 2017 साली सुरू झालेलं केंद्राचं 'दीक्षा' ॲप घेतलं की तो कोड मोबाइलसमोर धरून त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात, मराठीतही. पाहिलं तर काही व्हिडिओ सुरेख आहेत, काहींत धडा नुसता वाचून दाखवलेला आहे. म्हणून मी आदल्या रात्री पाच मिनिटं काढून स्वतः पाहते आणि कामाचा असेल त्या कोडाशेजारी पेन्सिलीने टिंब करते. धाकटा आता टिंब बघूनच मोबाइल मागतो आणि टिंब नसेल तर मागत नाही. या एका खुणेने आमच्या घरची रोजची ओढाताण संपली.

इंग्रजी माध्यमातून शिकवत असाल तर एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर तशीच मोफत आहेत. कणा मात्र एकच ठेवा. दोन्ही मालिका एकदम चालवल्या की मुलाला एकच धडा दोनदा शिकल्यासारखं होतं आणि आपल्याला दोन्ही अर्धे राहिल्यासारखं वाटत राहतं.

चौथी पायरी: वाचन

माझ्या मते घरशाळेच्या पहिल्या दोन वर्षांत वाचनाइतकं दुसरं काहीच महत्त्वाचं नाही. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी गूगलचं 'रीड अलाँग' मराठीत आहे. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. दिवसाला दहा मिनिटं पुरे. ग्रामीण उच्चार असले की ते कधी कधी बरोबर वाचलेलं चूक ठरवतं. तेव्हा मुलाला हिरमुसू देऊ नका, शेजारी बसा.

त्यानंतर 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या या ठिकाणी मराठी गोष्टींची सचित्र पुस्तकं चार वाचन-स्तरांत लावलेली आहेत. परवाना मुक्त असल्यामुळे ती उतरवून छापून घ्यायला काही अडचण नाही. आम्ही गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एका कागदावर चार पानं अशी छापून घेतो, घरी मधोमध दुमडतो आणि गोधडीच्या सुईने जाड दोरा ओवून तीन टाके घालतो. धाकट्याच्या खोक्यात अशी साठ-सत्तर पुस्तकं झाली आहेत. त्यातली निम्मी त्याने स्वतः शिवली आहेत. शिवलेलं पुस्तक तो पुन्हा पुन्हा वाचतो. पडद्यावर वाचलेली गोष्ट त्याने दुसऱ्यांदा उघडल्याचं मला आठवत नाही.

थोडं मोठं झालं की 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. मी लहानपणी वाचलेला अंक थोरलीबरोबर पुन्हा वाचला, तो दिवस अभ्यासाच्या हिशोबात कुठेच बसला नाही, पण तिची वाचनाची भूक त्या दिवसापासून वाढली. पालकांनी स्वतःच्या वाचनासाठी 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही दोन मराठी नियतकालिकं जरूर पाहावीत. मुलांशी कसं वागावं याबद्दल इतकं समंजस लेखन मराठीत फार ठिकाणी नाही.

पाचवी पायरी: विज्ञान आणि गणित पडद्यावरून हातात आणा

अरविंद गुप्ता हे नाव मराठी पालकांना नवं नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ आणि शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यात मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि काड्यांची टोकं (गुल काढून) त्यांत खुपसायची.

धाकट्याने आधी चौकोन केला. तो हातात घेतला की कलंडून पतंगासारखा होई. मग त्रिकोण केला, तो हलेचना. त्याने दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं. मग चौकोनात एक काडी तिरकी घातली आणि तोही ताठ उभा राहिला. संध्याकाळी आम्ही शेजारच्या पत्र्याच्या गोठ्यात दूध आणायला गेलो, तर हा वर बघत उभा. गोठ्याच्या लोखंडी कैचीत त्याला ओळीने त्रिकोण दिसले होते. पाच मिनिटांचा व्हिडिओ, दोन तास काड्या आणि वर गोठ्याचं छप्पर. माझ्या लेखी चांगलं ऑनलाइन साहित्य ते हेच.

वीज, प्रकाश, बल असले विषय शिकवताना 'फेट' नावाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, पाहा. कोलोरॅडो विद्यापीठात तयार झालेली ही मोफत साधनं आहेत, अनेकांचं मराठी भाषांतर झालेलं आहे आणि एकेक उतरवून नेटशिवायही चालवता येतं. पडद्यावर सेल, वायर, बल्ब जोडून झाले की खरा सेल आणि टॉर्चचा बल्ब हातात द्या. पडद्यावर बल्ब हमखास लागतो, खऱ्या वायरीचं टोक नीट सोललेलं नसेल तर लागत नाही. ते टोक सोलण्यातच अर्धं विज्ञान आहे. तिसरी ते पाचवीसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकंही पाहण्यासारखी आहेत. त्यांत उत्तरं कमी आणि करून बघायचं जास्त आहे.

घराबाहेरच्या अभ्यासासाठी 'सीझनवॉच' हा उपक्रम आवडेल. आपल्या परिसरातलं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद करायची. आमचं झाड ओढ्याकाठचा करंज आहे. संगणकासाठी आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्यूटोरियल' घ्या. छोटे धडे, मराठी आवाजात, लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरचे. थोरली त्यावरून एकटी शिकली, मला मध्ये पडावं लागलं नाही. लहानांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावायला 'स्क्रॅच' आहेच.

गणिताच्या सरावाला खान अकॅडमी चांगली आणि पूर्ण मोफत आहे.

सहावी पायरी: कोश हाताशी ठेवा

मुलाने प्रश्न विचारला की लगेच व्हिडिओ लावायची सवय मोडायची असेल तर कोश वापरा. मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली सुरू झालेलं हे वीस खंडांचं काम आज खिशातल्या मोबाइलवर मिळतं, याचं मला अजून नवल वाटतं. नोंदी प्रौढ भाषेत आहेत, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण वाचून सांगायच्या. लोकसंख्या, उत्पादन असले आकडे मात्र त्यातून घेऊ नका, बऱ्याच नोंदी जुन्या आहेत. ताज्या आकड्यांसाठी मराठी विकिपीडिया पाहा आणि तिथेही आकड्याखाली संदर्भ दिलेला आहे का ते तपासा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. आजीच्या तोंडचा शब्द आला की आम्ही तिथे जातो. मागे सासूबाई बोलता बोलता 'कणगी' म्हणाल्या. मुलांना ठाऊक नव्हतं. कोशात शब्द सापडला, मग आजीने धान्य ठेवायची कणगी कशी विणतात, शेणाने कशी लिंपतात ते सांगितलं, मग धाकट्याने तिचं चित्र काढलं. इंग्रजीचा तास वेगळा घ्यावा लागला नाही, कोशातला अर्थ इंग्रजीतच होता.

सातवी पायरी: शोधायचं कसं, पारखायचं कसं

शोधताना देवनागरीत आणि पाठ्यपुस्तकातल्या शब्दाने शोधा. रोमन लिपीत टाकून शोधलं की हिंदी आणि इंग्रजीचं जंगल पुढे येतं. "अपूर्णांकांची बेरीज कृती" असं लिहिलं की शिक्षकांनी केलेलं साहित्य वर येतं. शेवटी 'पीडीएफ' किंवा 'कार्यपत्रिका' जोडलं तर छापता येण्याजोगं मिळतं.

सापडलेलं पान मुलाला दाखवायच्या आधी पंधरा मिनिटं स्वतः वापरा. पहिल्यांदा भाषा बघा. हल्ली यंत्राने किंवा घाईने हिंदीवरून ओढलेलं मराठी फार दिसतं. भूमितीचं पान उघडा: 'काटकोन' आहे की 'समकोण'? 'वर्तुळ' आहे की 'वृत्त'? 'अपूर्णांक' आहे की 'भिन्न'? समकोण दिसला की मी पान बंद करते. चूक एका शब्दाची वाटते, पण उद्या परीक्षेत काटकोन वाचून मूल अडतं. मग बघा, नाव-नंबर न देता आत जाता येतं का, उतरवून ठेवता येतं का, आणि कुणी बनवलं ते लिहिलं आहे का. शेवटचं आणि माझ्यासाठी सर्वांत मोठं: हे बंद केल्यावर मुलाच्या हाताला काही काम उरतं का? ते उरत नसेल तर बाकी सगळं चांगलं असूनही मी ते रोजच्या यादीत घेत नाही.

विकतच्या ॲपबद्दल कळकळीने सांगते. दुसऱ्या वर्षी आमच्या घरी एका कंपनीचा माणूस आला, मुलीची दहा प्रश्नांची चाचणी घेतली, ती "मागे पडते आहे" असं तिच्यासमोर म्हणाला आणि मी घाबरून वर्षभराचे पैसे हप्त्यांवर भरले. दोन महिन्यांत तिने ते उघडणं सोडलं, हप्ते मात्र वर्षभर गेले. पैसे द्यायचे असतील तर महिन्याभराचेच द्या, हप्त्यावर कधीही घेऊ नका आणि मुलासमोर त्याची परीक्षा घेऊन विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वर सांगितलेलं जवळपास सगळं मोफत आहे.

आठवी पायरी: नेट नसतं तेव्हा

आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. म्हणून रविवारी रात्री आठवड्याचं उतरवून ठेवायचं, ही आमची रीत आहे. 'किविक्स' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेतला की तो नेटशिवाय वाचता येतो. जुना मोबाइल सिम काढून फक्त अभ्यासाला ठेवला तर फोन आला, मेसेज आला, ही अडचण राहत नाही. त्यात मुलासाठी वेगळं खातं उघडा आणि गूगलच्या 'फॅमिली लिंक' ॲपने वेळ बांधून द्या. यूट्यूबवर एकामागोमाग व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा. ते एक बटण बंद केल्याने आमच्याकडे जेवढा फरक पडला, तेवढा ओरडून कधी पडला नव्हता.

नववी पायरी: माणसं

'स्वशिक्षण' ही भारतातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांची संघटना आहे, तिच्यामार्फत इतर घरांशी ओळख होऊ शकते. ग्रुपमध्ये गेल्यावर "कुठून सुरुवात करू" असा मोघम प्रश्न टाकू नका, त्याला शंभर उत्तरं येतात. "मुलगा आठ वर्षांचा, मराठीतून, भागाकाराला अडतो, तुम्ही काय केलंत?" असं विचारा. मुलांचे फोटो, आधार कार्ड, दाखले ग्रुपवर टाकायचे नाहीत, हा नियम घरात आधीच करून ठेवा. आणि ऑनलाइन ओळखीतलं एक तरी कुटुंब असं शोधा, जे एसटीने जाऊन भेटण्याजोगं जवळ आहे. आमच्या मुलांना तसं एक घर मिळालं आहे. महिन्यातून एक दिवस ते तिकडे किंवा ती मुलं इकडे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकेत घरी शिकवणं सर्व राज्यांत कायदेशीर आहे, नियम मात्र राज्यागणिक निराळे, तेव्हा आधी आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाचं पान वाचा. मराठीसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांची चौकशी करा आणि सोबत बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं, रीड अलाँग आणि भारतातल्या आजीशी रोजची दहा मिनिटं ठेवा.

दहावी पायरी: वहीत नोंद

दोनशे पानी एक वही करा. डाव्या पानावर त्या आठवड्यात काय वापरलं, उजव्या पानावर मुलाने त्यातून काय केलं: सोडवलेली गणितं, वाचलेल्या पुस्तकाचं नाव, केलेली वस्तू. तारीख घाला. मोबाइलमध्ये महिन्याचं एक फोल्डर करून चित्रांचे, वह्यांचे फोटो त्यात टाका आणि त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. उद्या मूल शाळेत परत गेलं किंवा एखाद्या नातेवाइकाने खोदून विचारलं, तर ही वही पुढे करता येते.

दर तीन महिन्यांनी वही मागे उलटून पाहा. डाव्या पानावर एखादं नाव पुन्हा पुन्हा आहे आणि उजवं पान कोरं आहे, असं दिसलं तर ते यादीतून काढा. त्याच्या जागी लगेच नवं काही आणू नका, महिनाभर ती जागा रिकामी राहू द्या. गेल्या दिवाळीनंतर आम्ही असे दोन व्हिडिओ चॅनेल काढले. त्या रिकाम्या अर्ध्या तासात धाकट्याने आजीकडून वाती वळायला शिकून घेतलं. वहीत उजव्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "वाती 40, सरळ 22".